दोन ते तीनच्या मधे

मी पायाळू आहे. जन्मताना माझे पाय आधी बाहेर आले आणि डोकं मागून. यात माझं कर्तृत्व काही नाही, पण आमच्या मुकुंदवाडीच्या गल्लीत माझी जी काही इज्जत होती ती या एकाच गोष्टीवर होती. कुणाच्या कमरेत चमक निघाली, कुणाच्या पाठीत उसण भरली, की रविवारी नाहीतर बुधवारी सकाळी माणूस दारात हजर. दुखऱ्या जागेवर उजव्या पायाचा तळवा ठेवून तीनदा वरून खाली ओढायचा, एवढंच माझं काम. मग दुखणेकरी उठायचा, माझ्या पायाला हात लावून तो कपाळाला लावायचा आणि निघायचा. शेजारच्या खाला तर ओट्यावरूनच हाक मारायच्या, "बेटा, आज जरा मेरी कमर को लात मार के जा." त्यांना बरं वाटायचं की नाही कुणास ठाऊक, पण दर महिन्याला त्यांची कमर माझी वाट बघायची.

पायाळू माणसाला जमिनीतलं गुप्तधन दिसतं असंही लोक म्हणतात. मला स्वतःच्या कपाळावर सरकवलेला चष्मा दिसायचा नाही. तेव्हा या सगळ्यावर माझा विश्वास होता असं म्हणवत नाही, आणि नव्हता असंही म्हणवत नाही. मी चिकलठाण्याच्या एका कारखान्यात इन्स्पेक्शनला होतो. मशीनवरून उतरलेला प्रत्येक शाफ्ट गेज लावून बघायचा. मापात बसला तर पुढे, नाही बसला तर लाल पेटीत. कामाचे आठ तास, मोजल्याशिवाय लोखंडाच्या तुकड्यावरही भरवसा न ठेवणारा मी, घरी येऊन लोकांच्या पाठीवर पाय फिरवत होतो. मान मिळत असेल तर कोण नाही म्हणतो?

लग्नाला सात वर्षं झाली होती. माझी बायको फुलंब्रीकडच्या एका खेड्यातली. घरी शिलाई मशीनवर गल्लीतल्या बायकांची झंपरं शिवायची. लग्नसराईचे दिवस होते, कपड्यांचा ढीग पडलेला, दिवसभर तिचे पाय मशीनच्या पायट्यावर. तेव्हा तिची डावी पोटरी दुखायला लागली याचं नवल कुणाला वाटणार?

"लई ओढ बसायलीय पोटरीला," ती म्हणाली. "नस चढली असंल."

"घरात डॉक्टर असताना काळजी कशाची?" मी म्हणालो.

थट्टेतच म्हणालो. ती सतरंजीवर पालथी झोपली. मी तिच्या पोटरीला तेल लावलं आणि गुडघ्याच्या मागून टाचेपर्यंत तीनदा पाय ओढला. त्या दिवशी रविवार नव्हता आणि बुधवारही नव्हता, पण घरच्या माणसाला वार कसले! ती "माय माय, हळू की" म्हणून ओरडली. मग उठून बसली आणि बाकीचे करायचे तसाच माझ्या पायाला हात लावून कपाळाला लावला. "घ्या तुमची फी," म्हणाली आणि हसली.

दुसऱ्या दिवशी पाय सुजला. कातडी ताणलेली, चकचकीत, हाताला गरम. मला वाटलं आपला जोर कमी पडला. म्हणून मी आणखी जोर लावला. चार दिवस, सकाळ-संध्याकाळ. तिसऱ्या दिवशी पैंजण घोट्यात रुतायला लागलं तेव्हा साबण लावून ते काढलं. माझ्या आईनं तेलात लसूण कढवून दिला. खालांनी गरम विटेचा शेक सांगितला. डॉक्टरकडे ने असं चौघांपैकी एकानंही म्हटलं नाही. नस चढणं हे काय डॉक्टरचं दुखणं आहे? आणि मी तर स्वतःच डॉक्टर होऊन बसलो होतो.

पाचव्या दिवशी सकाळी ती भाकरी थापत होती. मी डबा भरायची वाट बघत दारात उभा. एकदम तिचा हात परातीतच थांबला. "दम लागायलाय," एवढं म्हणाली. मी म्हणालो, "चुलीपाशी बसल्यावर लागणारच," आणि घड्याळ बघितलं, कारण कंपनीची बस चुकेल अशी धास्ती होती. हे घड्याळ बघणं मी विसरू शकत नाही. मग ती खोकली आणि पिठाच्या हातानं तोंड पुसलं तर पिठात लाल दिसलं. ओठ जांभळे पडले. ती तिथंच बाजूला कलंडली.

रिक्षात तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. ती श्वास घेत होती, पण तो आत जातच नव्हता. मी रिक्षावाल्याला "चल, चल" म्हणत होतो आणि तो बिचारा चालवतच होता. त्या वाटेत मला कळलं की मला काहीही करता येत नाही. त्यानंतर बरीच वर्षं मी एवढंच पुन्हा पुन्हा शिकत आलो आहे.

दवाखान्यात त्यांनी तिला ऑक्सिजन लावला, फोटो काढले, सुया टोचल्या. एका तरुण डॉक्टरनं मला बाजूला घेऊन समजावलं. पायाच्या मोठ्या शिरेत रक्ताची गुठळी झाली होती. तिचा तुकडा सुटून वर गेला आणि फुफ्फुसात अडकला. नशीब म्हणून वाचल्या, तो म्हणाला. मग कागदावर लिहिता लिहिता त्यानं सहज विचारलं, "पाय कुणी चोळला होता का? दाबला, मालिश वगैरे? असा पाय कधी चोळायचा नसतो, गुठळी सुटते."

"नाही," मी म्हणालो.

तोंडातून निघून गेलं. लाज वाटली, भीती वाटली, काय वाटलं ते आजही नीट सांगता येत नाही. समोर शिकलेला माणूस, आणि मी त्याला काय सांगू, की साहेब, मी पायाळू आहे? त्यानं कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढचा प्रश्न विचारला. आम्ही तिच्या खाटेपासून चार हातांवर उभे होतो. मी वळून बघितलं तर तिचे डोळे उघडे होते. तोंडावर मास्क होता, त्यामुळे चेहरा दिसत नव्हता, नुसते डोळे. ती माझ्याकडे बघत होती. तिनं ऐकलं होतं का, हे मला कळलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही.

तिच्यावर ज्या मोठ्या डॉक्टरीणबाई देखरेख करत होत्या त्या मात्र वेगळ्या मातीच्या. त्यांना एकच प्रश्न सतावत होता. एकतीस वर्षांची, चालतीफिरती बाई, हिच्या रक्तात गुठळी झालीच का? "मशीन चालवून," मी म्हणालो. त्यांनी मान हलवली. मग त्यांनी खुर्ची ओढली, तिच्या खाटेजवळ बसल्या आणि विचारलं, "मुलं किती?"

"राहिली नाय," ती म्हणाली.

दोन गेली होती. पहिलं चौथ्या महिन्यात, दुसरं सहाव्यात. पहिल्या वेळी कुणी म्हणालं पपई खाल्ली, कुणी म्हणालं ग्रहणात बाहेर गेली. दुसऱ्या वेळेची गोष्ट जास्त वाईट होती. तेव्हा गरोदरपणाच्या नेहमीच्या तपासण्यांत तिच्या रक्तात एक दोष आला. त्या छोट्या दवाखान्यातल्या नर्सनं आवाज खाली आणून सांगितलं की हा गुप्तरोग आहे, नवऱ्यालाही तपासायला आणा. मी तपासून घेतलं, माझ्यात काही निघालं नाही. त्यानं उलट आणखीच घोटाळा झाला, कारण मग बोट तिच्याकडे वळलं. तिचा भाऊ गावाहून आला आणि माझ्याकडे बघून, मग बहिणीकडे बघून, जेवण न करताच परत गेला. आमच्या आईनं तिच्या हातचं पाणी पिणं थांबवलं. तिला सुया दिल्या, तिनं निमूट घेतल्या. एकदाच म्हणाली, "तुमी तसले नाय, मला ठाव हाय. अन् मी तसली नाय, तुमाला ठाव पाहिजे." मी म्हणालो, "ठाव आहे." खरंच होतं. पुढे सहाव्या महिन्यात पोटातली हालचाल थांबली.

हे सगळं ऐकताना डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "त्या तपासणीचा कागद आहे का घरी?" कागद होता. अशा गोष्टींचे कागद माणूस का जपून ठेवतो देव जाणे. त्यांनी तो बघितला आणि सांगितलं की हा गुप्तरोग नव्हताच. एका आजारात ही तपासणी चुकीची पॉझिटिव्ह येते. बाळं गेली तीही त्याच आजारानं, वारेत रक्त गोठून. पायही त्यानंच. तिन्ही एकच गोष्ट आहे.

बायको रडली नाही. तिनं माझ्याकडे बघून एवढंच म्हटलं, "आत्याबाईंना सांगा." आत्याबाई म्हणजे माझी आई. मी सांगितलं. आई म्हणाली, "मी काय म्हणाले होते का काही?" आणि त्या दिवसापासून तिच्या हातचं पाणी पुन्हा प्यायला लागली.

रक्त पुण्याला पाठवलं. पॉझिटिव्ह आलं. मला वाटलं झालं, कळलं एकदाचं. तर म्हणे नाही, एका वेळच्या तपासणीवर हा आजार नक्की म्हणता येत नाही, बारा आठवड्यांनी पुन्हा बघायचं. मी इन्स्पेक्शनचा माणूस, फेरतपासणी मला पटायला हवी होती. पण ते बारा आठवडे मी कसे काढले ते मलाच माहीत. पुन्हा पॉझिटिव्ह आलं. अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम. हे नाव पाठ करायला मला आठवडा लागला आणि तिला एक दुपार. डॉक्टरीणबाईंनी समजावलं की शरीरातले पहारेकरी परक्यांना मारायचे सोडून घरच्यांवरच उठलेत, त्यामुळे रक्त नको तिथं गोठतं. मी म्हणालो, "म्हणजे चांगला माल लाल पेटीत टाकणारा इन्स्पेक्टर." त्या म्हणाल्या, "अगदी." मी विचारलं, "मग त्याला काढून टाकता येत नाही का?" त्या म्हणाल्या, नाही. जन्मभर गोळी घ्यायची आणि सांभाळायचं.

गोळी संध्याकाळी सात वाजता. सगळे तिला रक्त पातळ करायची गोळी म्हणतात. ती किती लागू पडली हे बघायला रक्ताची एक तपासणी, आयएनआर. आकडा दोन ते तीनच्या मधे राहिला पाहिजे. दोनच्या खाली गेला तर गुठळी. तीनच्या फार वर गेला तर रक्तस्राव, नाकातून, हिरड्यांतून, नाहीतर थेट मेंदूत. मला हे ऐकून, खोटं कशाला बोलू, धीर आला. मापाच्या दोन बाजू, वरची आणि खालची, हे माझं रोजचं काम होतं. मी कंपनीतून एक लांब वही आणली, रेघा मारल्या. तारीख, आकडा, गोळी किती, काय खाल्लं. वाटलं, हिला मी मापात ठेवीन.

पण माणूस लोखंड नसतं. एका पंधरवड्यात आकडा दीड, पुढच्यात चार. कारण शोधायला बसलं की सापडायचं ते भाजीत. हिरव्या पालेभाजीनं गोळीचा असर कमी होतो. भाजी बंद करायची नाही, पण रोज सारखी खायची, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलेलं. आता आमच्याकडे भाजी सारखी खायची म्हणजे काय? थंडीत मेथी येते तेव्हा घरोघर मेथीच, कच्ची, ठेच्याबरोबर, भाकरीवर ठेवून. पावसाळ्यात तांदुळजा, आंबाडी. महालक्ष्म्यांना तर सोळा भाज्या एकत्र. त्यात ही माहेरी गेली की तिची आई रानातून घोळीची भाजी आणायची आणि म्हणायची, "पोरगी किती वाळली, घाल आणखी." परत आली की आकडा कोसळलेला. मी वही पुढे धरून तिच्यावर ओरडायचो.

"भाजी खाल्ली, चोरी नाय केली," ती म्हणायची.

"तुला मरायचंय का?"

"तुमी वही घिऊन बसा. मला जेवू द्या."

शहागंजाजवळच्या एका लॅबमध्ये रक्त काढणारे एक भाई होते. वर्षानुवर्षं तेच. तिची शीर त्यांना डोळे मिटून सापडायची. आकडा सांगताना ते नेहमी आधी तिला "भाभी, रोटी-सब्जी क्या खाई?" विचारायचे आणि मग मला कागद द्यायचे. एकदा ती बाहेर बाकावर बसली असताना मी त्यांना विचारलं, म्हणजे आडून विचारलं, की समजा एखाद्याच्या पायात गुठळी आहे आणि कुणी तो चोळला, तर ती त्यानंच सुटते का? नाहीतरी सुटलीच असती का? त्यांनी सुई डब्यात टाकली. म्हणाले, "वो तो ऊपरवाला जाने. कभी बिना हाथ लगाए भी निकल जाती." मग थांबून म्हणाले, "आपने डॉक्टर से नहीं पूछा?"

डॉक्टरला विचारायची सोय मी स्वतःच बंद करून टाकली होती. ज्या एका माणसाच्या तोंडून "तुमच्यामुळे नाही" असं ऐकायला मिळालं असतं त्यालाच मी खोटं सांगितलं होतं. आणि बायकोला सांगावं तर कसं? जे मी कधी केलंच नव्हतं त्याबद्दल माझ्यावर बालंट आलं तेव्हा ती माझ्या बाजूनं उभी राहिली. जे केलं त्याबद्दल तिनं एक शब्द विचारला नाही. गल्लीत पाठ घेऊन येणाऱ्यांना मी पाय लावणं सोडून दिलं. खाला रागावल्या. मी सांगितलं की गुडघा दुखतो.

दोन-तीन वर्षं आकडा बरा बसला तेव्हा तिनं मुलाचं काढलं. माझ्याशी नाही, डॉक्टरीणबाईंशीच. त्यांनी सांगितलं की गोळीवर मूल नको, बाळाला व्यंग होतं. पण गोळी थांबवून नऊ महिने रोज पोटात सुई घेतली तर बऱ्याच बायकांना मूल होतं, तुमचा धोका जास्त आहे, पण विचार करता येईल. ती खुर्चीच्या पुढच्या टोकाला सरकून बसली होती. तिच्या चेहऱ्यावर मी इतक्या वर्षांत असं काही बघितलं नव्हतं.

"नको," मी म्हणालो. "आम्हाला नको मूल."

ती माझ्याकडे वळली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "त्यांना बोलू द्या." ती पिशवी उचलून उठली. घरी येऊन आठ दिवस बोलली नाही. मशीनवर बसायची, खाली मान घालून शिवायची. नवव्या दिवशी म्हणाली, "तुमी माझ्या जिवाला भेता का तुमच्या?" मी म्हणालो, "तुझ्या." ती म्हणाली, "मग मला इचारायचं व्हतं." बस, एवढंच. विषय संपला आणि आम्ही दोघंच राहिलो. मी भ्यालो होतो हे खरं आहे. एकदा माझ्या पायानं ती मरता मरता वाचली होती, आता माझ्या होकारानं जायला नको, एवढंच डोक्यात होतं. तिच्या डोक्यात काय होतं ते मी ऐकूनच घेतलं नाही. याचं मला वाईट वाटतं, आणि वाटून उपयोग नाही.

अशी आणखी बारा वर्षं गेली. माझी कंपनी शेंद्र्याला हलली, मी बसनं तिकडे जायला लागलो. तिचे केस कानाजवळ पांढरे झाले. पाच वह्या भरल्या. आमचं भांडण, थट्टा, सणवार सगळं सातच्या गोळीभोवती फिरायचं. बाहेरगावी लग्नाला गेलो तरी मांडवात सात वाजले की मी पाण्याचा पेला घेऊन तिच्यापुढे. बायका हसायच्या. "नवरा आसावा तर आसा," म्हणायच्या. ती गोळी गिळायची आणि म्हणायची, "घिऊन जा एखादी." मला आत कुठंतरी वाटायला लागलं होतं की हे आपल्याला जमलं. कर्ज म्हणा, पाप म्हणा, फिटत आलं.

मग एका रविवारी सकाळी ती उंबऱ्यात बसून मला दळणाला पाठवत होती. डबा माझ्या हातात देऊन म्हणाली, "ज्वारीत थोडं ते टाका... ते..." आणि थांबली. "काय ते?" मी म्हणालो. "ते," ती म्हणाली, आणि पुन्हा "ते." मला वाटलं उडीद म्हणायचंय. मी "उडीद?" म्हणालो आणि हसलो. ती हसायला गेली तर तोंडाची एकच बाजू हसली. उजवा हात तिनं उचलायचा प्रयत्न केला तो उचलला नाही. तिनं त्या हाताकडे असं बघितलं, जणू दुसऱ्याच कुणाचा तरी हात तिच्या मांडीवर राहून गेला आहे.

या खेपेला मी घड्याळ बघितलं नाही, कुणाला काही विचारलं नाही. वीस मिनिटांत दवाखाना गाठला. मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी. डॉक्टरनं विचारलं, "गोळी चुकली होती का?" मी पाचवी वही त्याच्यासमोर उघडली. एकही दिवस चुकला नव्हता. तीनच दिवसांपूर्वी रक्त दिलं होतं, आकडा दोन पूर्णांक सहा. त्यांनी तिथं पुन्हा काढला, दोन पूर्णांक पाच. दोन ते तीनच्या मधे, अगदी मधोमध. भाजी सारखी, गोळी वेळेवर, सगळं जसं सांगितलं तसं. मी त्या डॉक्टरवर ओरडलो. "मग झालंच कसं?" तो गरीब स्वभावाचा होता. म्हणाला, "काका, या आजारात काही जणांना आकडा बरोबर असूनही होतं." मी वहीची पानं मागे मागे उलटत गेलो. चूक सापडली असती तर बरं झालं असतं. भाजी खाल्लेली, गोळी विसरलेली, माझी, तिची, कुणाचीही. चूक नव्हतीच. वॉर्डाच्या बाहेर बाकावर मी ती वही मांडीवर घेऊन बसलो आणि मोठ्यानं रडलो. येणारेजाणारे बघत होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती जागी होती. आजूबाजूच्या खाटांवरच्यांचे नातेवाईक डबे धुवायला गेलेले. तिला बोलता येत नव्हतं. डॉक्टर म्हणाले होते की ऐकू सगळं येतं, कळतं किती ते आत्ता सांगता येणार नाही. मी स्टूल जवळ ओढलं. आणि पंधरा वर्षांपूर्वी जे सांगायला हवं होतं ते सांगितलं. की तुझा पाय मी चार दिवस रगडला, त्यानं गुठळी सुटली असणार. की डॉक्टरनं विचारलं तेव्हा मी नाही म्हणालो. की मुलाला नको म्हणालो तेही त्याच भीतीपोटी. सांगताना मला तिच्या डोळ्यांकडे बघवलं नाही. शेवटी बघितलं. ती माझ्याकडे बघत होती. तिच्या डाव्या हाताची बोटं चादरीवर हलली. त्याचा अर्थ काय लावायचा ते मला कळलं नाही. मी किती शहाणा बघा. बारा-पंधरा वर्षं ती रोज समोर बसत होती, बोलत होती, भांडत होती, तेव्हा तोंड उघडलं नाही. तिची वाचा गेल्यावर माझी फुटली.

त्यालाही आता चार वर्षं होतील. हात थोडा आला आहे, भिंत धरून चालते. गोळी चालूच आहे, आकडा आता थोडा वर ठेवायला सांगितला आहे. मी नोकरी सोडली, भाकरी थापायला शिकलो. तिच्या तोंडात एक शब्द परत आला. पहिल्यांदा आला तेव्हा खाला धावत आल्या, सगळी गल्ली आली. तो शब्द "व्हय." पुढे आणखी शब्द येतील असं वाटलं, आले नाहीत. व्यायाम शिकवणारी मुलगी म्हणाली की काही जणांचं असं होतं, एकच शब्द उरतो आणि तोच सगळ्याला येतो. नाही म्हणायचं असलं तरी तोच येतो.

मागच्या आठवड्यात दुपारी आम्ही दोघं दारात बसलो होतो. मी विचारलं, "दवाखान्यात मी बोललो होतो ते तुला कळलं होतं का गं?"

"व्हय," ती म्हणाली.

"तुला आधीपासून माहीत होतं?"

"व्हय."

"मग माझ्यावर राग आहे?"

ती माझ्याकडे बघत राहिली. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. काहीतरी दुसरं म्हणायला ती झटत होती. मानेच्या शिरा ताणल्या, डोळ्यांत पाणी आलं.

"व्हय," ती म्हणाली. आणि डाव्या हातानं स्वतःच्याच तोंडावर एक चापट मारली.